डोकं धरणारा

५ मार्च १९७३, सोमवार

आज नोकरीवर रुजू झालो. येरमाळ्याहून सकाळच्या गाडीनं तुळजापूर गाठलं. तिथून जळकोटच्या रस्त्याला पाण्याचा टँकर निघाला होता, ड्रायव्हरनं शेजारी बसवून घेतलं. कातरखडीच्या फाट्यापासून दोन मैल आत, उघड्या माळावर आमचा तुरुंग. निजामाच्या वेळी इथं करोडगिरीचं नाकं होतं, सोलापूरकडून येणाऱ्या मालावर जकात घ्यायचे. मालाची दगडी गोदामं तशीच आहेत, त्यांना गज बसवून बराकी केल्यात. भिंती दोन हात जाड. बाहेर ऊन भाजून काढतं, पण आत पाऊल टाकलं की बरं वाटतं.

जेलर नानासाहेब फार मवाळ माणूस. पोटाचं दुखणं आहे म्हणून दिवसभर ताक पितात. मलाही पेलाभर दिलं आणि समोरच्या खुर्चीवर बसा म्हणाले. मला पटकन बसताच येईना. आमच्या घरात आजवर साहेबापुढं कुणी खुर्चीवर बसलेलं नाही. आबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, गावकीची कामं सोडली आणि मला शाळेत घातलं. परवा माझा खाकी गणवेश आला तर नुसतं कापड चाचपत बसले होते. मी बसलो. ताक आंबट होतं, पण गार होतं.

क्वार्टर एका खोलीचं आहे. पुढं लिंबाचं झाड, त्याच्यापलीकडं तुरुंगाचा दरवाजा. पुढच्या महिन्यात बायकोला, मालनला, घेऊन येईन. ही डायरी आबांना सोसायटीकडून मिळालेली. रोज नाही, पण जमेल तसं लिहायचं ठरवलंय. आज मन फार हलकं आहे.

८ मार्च

तुरुंग ऐंशी माणसांचा. आत दोनशे अकरा आहेत. दुष्काळानं भरलाय. चोर-दरोडेखोर थोडे, बाकीचे म्हणजे सोसायटीचं गोदाम फोडून मिलोची, म्हणजे रेशनच्या परदेशी लाल ज्वारीची, पोती नेलेले, रस्त्यात ट्रक अडवलेले, टँकरवरून डोकी फोडलेले. कुणी शेतकरी, कुणी मेंढपाळ. खडी फोडायला गेलेल्या बायका इकडं भेटायला येतात तेव्हा त्यांच्या पापण्यांवर दगडाची भुकटी असते.

पाण्याची मोठी ओढ आहे. आतल्या विहिरीत चिखल उरलाय. टँकर एक दिवसाआड येतो. कैद्याला दिवसाला दोन तांबे, पिणं-धुणं सगळं त्यातच.

दोन नंबरच्या बराकीत तात्याराव म्हणून एक वयस्कर कैदी आहेत. ट्रक अडवणाऱ्यांत तेच पुढं होते. बाकीचे त्यांचं ऐकतात. आज मी गजाजवळून जाताना त्यांनी नाव-गाव विचारलं. येरमाळा म्हटल्यावर म्हणाले, येडेश्वरीच्या यात्रेत आमचे बैल विकायचो आम्ही, आता बैलही नाहीत. चांगले वाटले.

१५ मार्च

आज एक मोठी गोष्ट झाली. जमादार बंडप्पा दोन महिन्यांचं खास शिक्षण घेऊन परत आले. कानडी मुलखाकडचे आहेत, दंड मांडीएवढे. आम्हा शिपायांना त्यांनी रांगेत उभं केलं, एकेकाच्या हातात हात दिला आणि दाब म्हणाले. माझ्या पकडीतून हात सोडवायला त्यांना जोर लावावा लागला. हुतुतू खेळतोस काय, असं विचारून हसले. शाळेपासून खेळतो म्हटलं. माझी निवड झाली.

सहा जणांची तातडीची तुकडी करायची आहे. तुरुंगात दंगा झाला, कुणी कोठडीतून निघेना, कुणी अंगावर आला, तर पगली घंटा वाजणार आणि आम्ही सहा जणांनीच आत शिरायचं. अंगात कापसाचं जाड जाकीट, डोक्यावर लोखंडी टोप, तोंडावर तारेची जाळी. हातात वेताची ढाल एकाकडंच. प्रत्येकाला माणसाचा एक भाग वाटून दिलाय. ढाल घेऊन बंडप्पा पुढं, ते माणसाला भिंतीशी रेटणार. चौघांकडं दोन हात आणि दोन पाय. गुंडाप्पा म्हणून माझ्याच वयाचा शिपाई आहे, त्याला उजवा हात मिळाला. मला डोकं. कैदी चावतो, थुंकतो, कपाळ आपटून घेतो, म्हणून तोंडावर ओलं फडकं टाकून डोकं दोन्ही हातांनी गच्च धरायचं. सगळ्यात अवघड काम मला दिलं याचा अभिमान वाटला.

बंडप्पांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. माणूस बघायचा नाही. आपापला भाग बघायचा.

आणि तुकडीच्या माणसाला रोज आंघोळीला एक अख्खी बादली पाणी. आज संध्याकाळी मी ती डोक्यावर ओतली तेव्हा भिंतीपलीकडून कुणीतरी खोकत होतं.

२४ मार्च

पहिली घंटा. सकाळी दहाला एक नंबरच्या बराकीत दोघांची तांब्यावरून मारामारी लागली. आम्ही आत शिरलो आणि मिनिटाच्या आत सगळं शांत. मी डोकं धरलं. माणूस घामानं निसटत होता, पण पकड सुटली नाही. गुंडाप्पानं हात मागं ओढला तेव्हा ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. त्या माणसाचं मनगट मोडलं होतं.

बाहेर येऊन टोप काढले. आम्ही सहाही जण हसत होतो. कशाला ते ठाऊक नाही. छाती धडधडत होती आणि हसू आवरत नव्हतं. नानासाहेबांनी सगळ्यांना ताक पाठवलं. मी पाच भाकरी खाल्ल्या. लपवून काय करू, मला बरं वाटलं होतं.

२ एप्रिल

दहा दिवसांत सहा घंटा. परवा एकानं मिलोची भाकरी कडू लागते म्हणून ताटली फेकली, त्यावर घंटा. काल एक जण हजेरीला उशिरा उठला, त्यावर घंटा. त्याचे पुढचे दात फडक्यात आले. फडकं मीच धुतलं.

तोंडावर जाळी असते, त्यामुळं आत कोण ते कैद्यांना कळत नाही. दुपारी मी साध्या टोपीत बराकीपुढून जातो तर तेच लोक मला रामराम करतात. आज तात्यारावांनी केला नाही. माझ्या हातांकडं बघत राहिले.

९ एप्रिल

मालन आली. येताना आबांनी दिलेलं लोणचं आणि दोन पायल्या ज्वारी. ज्वारी बघून शेजारच्या क्वार्टरमधली बाई दारात उभी राहिली, तिला मालननं ओंजळभर दिली. खोली सारवली, फोटो लावला. बादलीभर पाणी बघून ती हरखली. त्यात तिनं आधी भांडी धुतली, मग त्याच पाण्यात कपडे, मग ते लिंबाला घातलं.

दुपारी घंटा झाली. परत आलो तेव्हा ती उंबऱ्यात बसली होती. आत कुणाला काय झालं, असं तिनं विचारलं. सरकारी काम, म्हणालो.

१४ एप्रिल

जयंती. रजा मागितली होती, तुकडीच्या माणसाला रजा नाही. सकाळी मालननं खीर केली, फोटोपुढं मेणबत्ती लावली. बाराच्या सुमारास घंटा झाली.

आता पाच वाजलेत. हात धुतले. परत धुतले. लिहून काढतो.

टँकर आला होता. आधी क्वार्टरांच्या टाक्या भरल्या, मग साहेबांची, मग आत सोडला. दोन नंबरच्या बराकीची पाळी येईपर्यंत पाणी तळाला गेलं. आज एकच तांबा, असं सांगितलं. बिरू म्हणून एक धनगर आहे, बावीस-तेवीस वर्षांचा, जळकोटच्या बाजूचा. मेंढरं मेली म्हणून ट्रक अडवायला गेलेला. तो टँकरच्या नळाखाली जाऊन बसला आणि नळ दोन्ही हातांनी धरला. बराकीला दुसरा तांबा मिळाल्याशिवाय उठत नाही म्हणाला. त्यानं कुणाला हात लावला नाही, शिवी दिली नाही. नानासाहेबांनी कचेरीच्या दारातून घंटेचा हुकूम दिला. घंटा वाजली तरी तो पळाला नाही. नळाला तोंड लावून पीत राहिला.

आम्ही त्याला ओढत पाच नंबरच्या कोठडीत नेलं. बंडप्पांनी ढालीनं भिंतीशी चेपला, मग खाली पाडला. हात धरले, पाय धरले. मी फडकं टाकून डोकं धरलं. गुंडाप्पानं खांदा पिरगाळला. बिरू ओरडला तो माझ्या तळहातात. तो आवाज मला कानापेक्षा हातात जास्त कळला. बंडप्पा त्याच्या छातीवर गुडघे टेकून बसले होते. बरगडी मोडल्याचं सगळ्यांना ऐकू गेलं.

मग फडक्याखालून तो म्हणाला, “दादा, सोड की.”

मलाच म्हणाला. त्याचं तोंड माझ्याच हातात होतं.

मी बंडप्पांकडं बघितलं. जाळीतून डोळे दिसत नव्हते. “सोडू नगा,” म्हणाले. मी सोडलं नाही. माझे हात कुणी धरले नव्हते. मला सोडता येत होतं.

तळहाताला त्याचा ऊन श्वास लागत होता. आधी जोरात, मग हळू, मग बऱ्याच वेळानं एकदा. मी पुढच्याची वाट बघितली. आला नाही. त्यानंतरही आम्ही धरूनच होतो. शेवटी पाय धरणारा म्हणाला की हा ढिला पडला.

मालननं खीर वाढून ठेवली आहे.

१५ एप्रिल

कागद तयार झाला. उन्हाचा तडाखा बसून मृत्यू. वारस वेळेत आला नाही, सबब अंत्यविधी तुरुंगाकडून. डॉक्टर आला नाही, त्याची सही आली. आम्ही सहा जणांनी सह्या केल्या. माझी सही चौथी.

माळावर मागच्या बाजूला पुरला. जमीन इतकी कडक की पहारीच्या ठिणग्या उडत होत्या. खड्डा गुडघ्याएवढाच झाला. वर दगड रचले.

परत निघताना बंडप्पा म्हणाले, “सगळ्यांनी धरलं म्हंजे कुणीच न्हाय धरलं. जावा, आंघुळी करा.”

१९ एप्रिल

उजव्या तळहाताला श्वास लागतो. ऊन असतो. जेवताना, पहाऱ्यावर उभा असताना. मूठ मिटली की मुठीत लागतो.

आज दुपारी जेवून पडलो होतो. जाग आली ती मालनच्या ओरडण्यानं. तिचं डोकं माझ्या दोन्ही हातांत होतं, तोंड दाबलेलं, आणि मी गुडघ्यावर बसलेलो होतो. तिनं माझ्या मनगटाचा चावा घेतला होता, रक्त येत होतं, तरी मला समजायला वेळ लागला. ती भिंतीला टेकून बसली. गालावर माझ्या बोटांचे वळ.

तिनं विचारलं, “कुणाला धरत होता तुमी?”

मी सगळं सांगितलं. संध्याकाळी तिनं अंथरूण दाराजवळ घातलं.

२३ एप्रिल

दरवाज्यासमोर लिंबाखाली एक म्हातारी येऊन बसली आहे. धुरपताबाई. बिरूची आई. जळकोटच्या पलीकडून दोन दिवस चालत आली. फडक्यात सुकडी बांधून आणलीय, खडीच्या कामावर मिळते ती. स्वतः न खाता साठवलेली.

नानासाहेबांनी मला बोलावलं. तू गोड बोलतोस, तूच सांग, म्हणाले. बिरूला लांबच्या तुरुंगात हलवलंय, असं सांगायचं. मी सांगितलं.

ती म्हणाली, “मंग आनतील की परत. मी हितंच बसते, लेकरा. माझं काय काम अडलंय घरी.”

मालन तिला आमच्या बादलीतलं पाणी देऊन आली.

२७ एप्रिल

पाच दिवसांत सात घंटा. आता कारण लागत नाही. काल गुंडाप्पानंच घंटा ओढली. अंग आंबलं होतं म्हणाला. सगळे हसले. बराकीत कुणी काहीच करत नव्हतं. जो दाराजवळ होता त्याला धरलं. त्याचा डावा डोळा गेला. माझं बोट कुठं होतं ते मला आठवत नाही. आठवतं.

हे माझ्या मनाविरुद्ध होतं असं लिहायला बसलो होतो. तसं नाही. घंटा वाजली की हात आधी उठतात. धरल्यावर तळहातातला तो श्वास थोडा वेळ थांबतो. तेवढ्यासाठी मी आता घंटेची वाट बघतो.



१ मे

सांगून टाकलं.

दुपारी पहारा संपवून येत होतो. धुरपताबाईनं हाक मारली. पाणी देता, सावलीला बसू देता म्हणून तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि स्वतःच्या डोळ्यांना लावले. मला ओढून घेता येईनात. तिचा श्वास त्याच तळहाताला लागला. मी तिथंच मातीत बसलो. तारीख, वेळ, कोठडी, पुरलेली जागा, सगळं सांगितलं. तोंड मी धरलं होतं हेही सांगितलं.

ती ओरडेल, मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं माझे हात उलटे केले आणि तळवे बघत राहिली. मग विचारलं,

“लई येळ लागला का त्येला?”

मी खाली बघितलं.

“पानी पिला व्हता का?”

हो म्हणालो. नळाला तोंड लावून, पोटभर. तेवढं खरं होतं.

तिनं हात सोडले. सुकडीचं गाठोडं उचलून तुरुंगाच्या मागं, माळाकडं निघाली. मालन तिच्यामागं पळत गेली. अंधार पडेस्तोवर दोघी दगडांपाशी बसून होत्या.

३ मे

काल दिवसभर अर्ज लिहिला. चार पानं. वरच्या कचेरीत तुरुंगांची चौकशी करणारे साहेब असतात, त्यांच्या नावानं. खाली माझी सही. मालन म्हणाली, तुम्ही गेलात तर फाट्यावरच धरतील, मीच नेते. सातवी शिकलेली आहे, वाचूनही दाखवीन म्हणाली. आज पहाटेच्या गारव्यात ती आणि धुरपताबाई चालत फाट्यावर गेल्या. धुरपताबाई पुढं चालत होती.

वळणावर मालननं मागं बघितलं. मी हात वर केला नाही. हात वर करवेना.

४ मे

नऊला घंटा वाजली. मी खाटेवर बसून राहिलो. गज धरून बसलो होतो खाटेचे. पाच जण गेले. आतून आवाज आले. नेहमीपेक्षा जास्त वेळ.

बाराला नानासाहेबांनी बोलावलं. ताक पुढं केलं. वरच्या कचेरीतून फोन आला होता. दोन बायका एक कागद घेऊन आल्यात, खरं काय ते विचारत होते. साहेब स्वतः उद्या चार वाजता येणार आहेत. नानासाहेब आवाज न चढवता म्हणाले, उन्हानं माणसाचं डोकं फिरतं, तसं तुझं फिरलं, भ्रमात लिहिलं, एवढंच लिहून दे. नोकरी राहील. तुझ्या समाजातल्या पोरांना इथवर यायला किती वर्षं लागली, विचार कर.

विचार केला. आबा गणवेश चाचपत होते ते दिसलं.

नाही म्हणालो.

त्यांनी बोटानं ताकातली माशी काढून टाकली. मग बंडप्पांना हाक मारली. मी बराकीत चाकूचं पातं पोचवलं असा आरोप. गणवेश उतरवून घेतला. पोलीस येईपर्यंत अटकेत ठेवायचं. पाच नंबरची कोठडी रिकामी आहे. तरी मला दोन नंबरच्या बराकीत ढकललं. बिरूच्या बराकीत. आणि बंडप्पा गजातून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, “ह्योच तो डोकं धरणारा. घ्या.”

डायरी गणवेशाच्या आतल्या बंडीखाली पोटाशी बांधली होती. म्हणून ती आणि पेन राहिलं. अजून कुणी जवळ आलेलं नाही, तोवर लिहितोय.

४ मे, नंतर

पेन मारात मोडलं. तात्यारावांनी पेन्सिलीचा तुकडा दिला. डाव्या डोळ्यानं दिसत नाही, सुजलाय. अक्षर वाकडं येतंय.

बराकीत अडुसष्ट माणसं. त्यातली अकरा डोकी मी धरलेली. एक जण, ज्याचे दात फडक्यात आले होते तो, उठून आला. माझे हात बघितले. मग तांब्या घातला तोंडावर. मग सगळेच. लाथा. बरगडीत. कुणीतरी माझ्या उजव्या हातावर उभं राहिलं आणि टाच फिरवली. तीन बोटं गेली. मी ओरडलो नाही. बोटं मोडताना मला, कसं लिहू, हायसं वाटलं.

तात्याराव मधे पडले. त्यांनाही दोन बसल्या. ते म्हणाले, “आरं थांबा! ह्येला आपल्यात का टाकला ते कळतंय का? आपुन मारला की त्यांस्नी घंटा वाजवाया कारन गावलं. मंग ह्यो बी गेला, आन् आपल्यातलं किती जातील ते मोजा.”

थांबले. लांब जाऊन बसले.

मी मालनचं सांगितलं. चारला साहेब येणार हे सांगितलं. कुणी विश्वास ठेवला की नाही माहीत नाही. दात गेलेला माणूस उठून जवळ आला. मग त्यानं त्याच्या तांब्यातलं दोन घोट पाणी माझ्यापुढं ठेवलं. पाठ करून बसला.

पाणी प्यालो. तोंडातल्या रक्ताची चव आली.

५ मे, सकाळ

जिवंत आहे. ताप आहे.

बंडप्पा सातला गजाशी आले. मला बसलेलं बघितलं. कुणी मारला नाही अजून म्हणून त्यांच्या तोंडावर — निराशा नव्हे, राग. एकेकाला शिव्या दिल्या. आईवरून, बिरूवरून. कुणी उठलं नाही. तात्यारावांनी सगळ्यांना खाली बघायला सांगितलंय. हात मांडीखाली.

आज पाणी आलं नाही. मुद्दामच.

अंगणात पाच जण जाकिटं घालतायत. सहावा एक नवीन आहे. त्याला मधे बसवून गुंडाप्पा डोकं कसं धरायचं ते दाखवतोय. पोरगेलासा शिपाई. हसतोय. मीही असाच —

५ मे, दुपार

ऊन दारात आलंय. अकरा तरी झाले असतील. साहेब चारला. पाच तास. मालन त्यांच्याबरोबर गाडीत असेल. नसेलही.

घंटा वाजली.

बराकीत कुणी हाललेलंसुद्धा नाही. घंटा वाजतेय —

तात्यारावांनी खूण केली. सगळे सरकले. माझ्याभोवती बसले. एक रांग, तिच्याबाहेर दुसरी, तिसरी. हातात हात अडकवून. मी भिंतीशी. मला कुणी विचारलं नाही. दात गेलेला माणूस सगळ्यात पुढं, दाराशी.

मी तात्यारावांना म्हणालो, मला बाहेर द्या. माझ्यासाठी नका मरू. ते म्हणाले, “तुझ्यासाटी न्हाय रं. चारपतूर कुनीतरी सांगनारा ऱ्हायला पायजे. लिही तू. आधी ते लिही.”

कुलूप काढतायत.

आत आले. ढाल. पहिल्या रांगेतला — दात गेलेल्या माणसाला केसांनी ओढला. हात सुटत नाहीत म्हणून मनगटावर काठी — परत — परत — सुटला. त्याला बाहेर फेकला. दुसऱ्याला —

“उठू नगा,” तात्याराव ओरडतायत, “बसूनच ऱ्हावा, कुनी हात उचलू नगा —”

पानावर रक्त पडलंय, माझं नाही. पेन्सिल डाव्या हातात. लवकर लिहितो.

बिरू उन्हानं मेला नाही. १४ एप्रिल, दुपारी बारा, पाच नंबर कोठडी. आम्ही सहा जणांनी मारला. मी सही केलेला कागद खोटा आहे. त्याला माळावर पुरलाय, मागच्या भिंतीपासून साठ पावलं, वर दगड. बरगड्या बघा. मोडलेल्या दिसतील. हुकूम नानासाहेबांचा. छातीवर बंडप्पा. तोंड कुणी दाबलं ते —

दुसरी रांग गेली. तात्याराव माझ्या अंगावर आडवे पडलेत. त्यांचा श्वास माझ्या मानेला — चालू आहे — अजून चालू आहे —

तोंड मी दाबलं. मी, श्रीपती आबाजी सरवदे, राहणार येर